हनुमान मास्तरची कवळी

क्लॅरिनेट ओठांनी वाजतं असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे ते दातांवर टेकलेलं असतं. खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून घ्यायचा, त्याच्यावर बोरूची पत्ती येते, आणि वरचे पुढचे दात थेट माउथपीसवर रोवायचे. एवढाच आधार. तो हलला की सूर हलतो.

माझे मामा हनुमान मास्तर यांचे वरचे सगळे दात यंदा थंडीत काढावे लागले. हिरड्या खराब होऊन ते आधीच डुलत होते, आणि उभी हयात त्यांच्यावर क्लॅरिनेट टेकवल्यामुळे पुढच्या दोघांची धार खोलगट झिजली होती. हिरड्या भरून आल्यावर परळीहून कवळी आली. मधल्या काळात आमच्या बँडचा भार तिघांवर पडला. महेबूबचाचा ट्रम्पेट घेऊन पुढे, सुंदरराव ढोल घेऊन मागे, आणि मध्ये दुसऱ्या क्लॅरिनेटवर मी. बी.एस्सी. झाल्यापासून मी स्पर्धा परीक्षा देतो आणि निकालाची वाट बघतो, त्यामुळे बँडला कधीही हजर असतो. ओठ फुटेस्तोवर वाजवलं. तरी प्रत्येक मांडवात कुणीतरी विचारायचंच, "मास्तर कावून न्हाई आले?"

मामा घरी दार लावून सराव करत. बाहेर छबुमामी ज्वारी निवडत बसलेली असायची. आतून चार सूर नीट यायचे, मग एक फाटका, मग बराच वेळ काहीच नाही.

"सुटली," मामी म्हणायची. "आता पुन्हा बसवतेल."

एकदा मला आत बोलावलं. मामा खाटेवर बसले होते, क्लॅरिनेट मांडीवर.

"रामा, तू सायन्सचा हायस. मला सांग, सूर लागतो, पर डोक्यात येत न्हाई. असं कावून?"

मी सांगितलं. दात हाडात रुतलेले असतात. माउथपीसचा कंप दातांतून कवटीत जातो आणि तिथून आतल्या कानाला पोचतो. कवळी प्लास्टिकची, तिच्याखाली मऊ हिरडी. दोघी मिळून कंप गिळून टाकतात. आता त्यांना स्वतःचा आवाज फक्त बाहेरून ऐकू येत असणार, हवेतून.

मामांनी माउथपीसवरून अंगठा फिरवला. "म्हंजे मी दुसऱ्यानं वाजवलेलं ऐकायलोय," ते म्हणाले. मग दाराकडं बघत हळू आवाजात, "एकदा लोकांत वाजवून बघतो. टिकली तर वैशाखात पुढं उभा ऱ्हातो. न्हाई टिकली तर बासनात बांधून ठेवू. मग मी काय बँडमदी येत न्हाई. झांजा वाजवायला तर मुळीच न्हाई."

"घरी बसून काय करताल? दिसभर माझ्या डोक्यावर?" मामी बाहेरून म्हणाली. तिला सगळं ऐकू येत होतं.

ती वेळ सिरसाळ्यात आली. तिथले मन्मथप्पा आडतदार पिकल्या वयात गेले. घर लिंगायतांचं. त्यांच्यात म्हाताऱ्या माणसाला बसवून, फुलांनी सजवलेल्या विमानात, वाजतगाजत समाधीपर्यंत नेतात. सकाळीच निरोप आला आणि मामांनी स्वतः हो म्हटलं. त्यांचा हिशेब मला टेम्पोत बसल्यावर कळला.

"मयताचं वाजवणं संथ ऱ्हातंय. उड्या न्हाईत, नाच न्हाई. घर ते मळा, एवढीच वाट. कवळीला ह्याच्यापरीस सोपी परीक्षा कुठली?"

"मास्तर, मी परीक्षा देणाऱ्यायकडं बघून सांगतो," सुंदरराव माझ्याकडं बोट करत म्हणाले, "सोपी कुठलीच नसती."

महेबूबचाचा हसले. मी हसलो नाही. आदल्या दिवशीच्या लग्नाने माझा खालचा ओठ सुजलेला होता.

आमच्या बँडचा एक नियम आहे, आणि तो मामांचाच. मास्तर वाजवेल ते दुसऱ्याने झेलायचं. मास्तरने एक ओळ वाजवली की दुसरं क्लॅरिनेट तीच ओळ जशीच्या तशी परत वाजवतं, तेवढ्यात मास्तर पुढची ओळ मनात जुळवतो. चाल पाठ असेल तर हे काहीच नाही. पण मास्तर रंगात आला की चाल सोडून फिरायला निघतो, आणि तेव्हा झेलणाऱ्याला पुढं काय येणार ते माहीत नसतं. खरं तर मास्तरलाही नसतं. तो कुठं चाललाय हे त्याला तिथं पोचल्यावर कळतं. मी कॉलेजात असताना हे समजून घ्यायचा फार प्रयत्न केला. सूर लिहून काढायचो, कुठून कुठं उडी मारली ते बघायचो. त्यातून काही हाती लागलं नाही. ऐकायचं आणि झेलायचं, एवढंच उरलं.

मन्मथप्पांच्या दारात गर्दी होती. विमानात ते मांडी घालून बसवलेले होते, कपाळभर भस्म, डोक्याला पांढरा फेटा. त्यांचा मुलगा विश्वेश्वर मामांजवळ आला. डोळे लाल, पण आवाज कामाचा.

"मास्तर, आमच्या ताईची गाडी अंबाजोगाईच्या पलीकडं बंद पडलीय. दुसरी करून यायलीय. तिला अप्पांचं तोंड बघू द्यायचंय. पर महाराज म्हणतेत आता निघावं लागंल. तुमी हळू घ्या. जितकं हळू घेता येईल तितकं."

"घेतो की," मामा म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. हळू घेणं म्हणजे जास्त वेळ वाजवणं. आमच्याकडं अशा प्रसंगाच्या चाली दोनच होत्या, दोन्ही कपिलधारच्या पदयात्रेत गातात त्या शिवभजनांच्या.

शंख वाजला, "हर हर महादेव" झालं आणि विमान उचललं. आम्ही पुढं, भजनी मंडळी आमच्या मागं, त्यांच्या मागं विमान. एप्रिलचं ऊन डांबरावरून परत तोंडावर येत होतं. तापलेल्या हवेत क्लॅरिनेटचा सूर चढतो, कारण नळीतल्या हवेत आवाजाचा वेग वाढतो. मामा दुकानांच्या सावलीतून चालत होते आणि मी उन्हातून, त्यामुळे माझा सूर त्यांच्यापेक्षा किंचित वर जात होता. मी माउथपीस जरा बाहेर ओढून जमवून घेतलं.

पहिली चाल चांगली गेली. मामांच्या जबड्याखालची शीर ताठ होती, पण आवाज स्वच्छ होता. दुसरी चालही गेली. पुन्हा पहिली. चौकात विमान टेकवलं तेव्हा लोकांनी पाणी दिलं. मामांनी चूळ भरल्यासारखं केलं आणि अंगठ्याने कवळी वर दाबली.

"कशी हाय?" मी विचारलं.

"हाय जागेवर. तोंड कोरडं पडलं की मातर सुटायला बघती."

विश्वेश्वर पुन्हा आला. "ताई अजून घाटनांदूरलाच हाय."

"आता काय वाजवायचं, मास्तर?" महेबूबचाचा म्हणाले. "त्याच दोन चाली आणि किती घोळायच्या? मयत उठून बसंल, म्हणंल, दुसरं काय येतं का न्हाई?"

"बसलेलंच हाय ते," सुंदरराव म्हणाले.

"गप बे," मामा म्हणाले, पण ओठ हलले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तू नीट झेल."

विमान उचललं. मामांनी पहिली चाल धरली आणि तिच्या दुसऱ्या भागाशी आले. त्या चालीचा दुसरा भाग वर चढतो. दोन वेळा त्यांनी तो नेहमीसारखा वाजवला होता. या वेळी ते चढलेच नाहीत. ओळ वर जायच्या जागी त्यांनी ती खाली वळवली, पार तळाच्या सुरांपर्यंत नेली, आणि तिथं ती हळूहळू उलगडत बसले.

हे वाचताना सोपं वाटेल. बासरीत जोराने फुंकलं की त्याच बोटांनी तोच सूर वरच्या सप्तकात निघतो, म्हणून खालची ओळ आणि वरची ओळ हाताला सारखीच. क्लॅरिनेटमध्ये तसं होत नाही. त्याची नळी एका बाजूने बंद असल्यासारखी वागते, त्यामुळे सा च्या बोटांनी वर उडी मारली तर वरचा सा येत नाही, त्याच्याही पुढचा प येतो. म्हणजे वरची ओळ खाली आणायची तर प्रत्येक बोट नव्याने ठरवावं लागतं. मामा ते चालता चालता करत होते, उन्हात, सुटू पाहणारी कवळी टाळूला दाबून धरत.

मला कळलं की ते पळवाट काढतायत. वरच्या सुरांना ओठ आवळावा लागतो, माउथपीस पुढच्या दातांना वर रेटतं, आणि तरफेसारखी कवळीची मागची बाजू खाली सुटते. ते वरचे सूर टाळत होते. पण टाळण्यासाठी त्यांना दर ओळीला काहीतरी नवं शोधावं लागत होतं, आणि जे सापडत होतं ते मी त्यांच्याकडून कधीच ऐकलेलं नव्हतं. लग्नात ते वरच वाजवायचे. गर्दीच्या वर आवाज गेला पाहिजे म्हणून सगळेच वर वाजवतात. हे खालचं वाजवणं घशातून बोलल्यासारखं होतं. मी झेलत होतो. सुजलेला ओठ दुखायचा थांबला नव्हता, पण त्याच्याकडं लक्ष द्यायला वेळ नव्हता. महेबूबचाचांनी ट्रम्पेट खाली केला आणि नुसते चालू लागले. सुंदररावांनी टिपरूच्या ऐवजी तळव्याने ठेका धरला. मागची भजनी मंडळी गप्प झाली होती.

किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. आम्ही बाजारात, मन्मथप्पांच्या आडतीसमोर आलो. तिथं विमान पुन्हा टेकवलं आणि त्याच वेळी एक जीप गर्दीजवळ येऊन थांबली. विश्वेश्वरची बहीण, रुद्राणीताई, धावत आल्या. त्यांनी वडिलांच्या गुडघ्यांना मिठी मारली. आम्ही थांबलो. अशा वेळी थांबतातच.

मन्मथप्पांच्या पत्नी शिवकांताबाई विमानाशेजारी उभ्या होत्या. त्यांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि आमच्याकडं बघून म्हणाल्या, "थांबू नका, मास्तर. चालू द्या तुमचं. लई गोड चाललंय."

मामांच्या तोंडावर जे आलं ते मी महिनोन्‌महिने बघितलं नव्हतं. कवळी टिकली होती. ज्याच्यासाठी इतक्या लांब आलो ते झालं होतं. त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि चाल पुन्हा सुरुवातीपासून धरली. दुसऱ्या भागाशी आल्यावर मी खाली जायच्या तयारीत होतो.

मामा वर गेले.

त्यांना कुणी वर बोलावलं नव्हतं. मीही नव्हे. ते रंगात आले होते, एवढंच. पहिला सूर लागला, दुसरा लागला, आणि दुसरा इतका उघडा, इतका भरलेला होता की मला वाटलं आता ते थांबणारच नाहीत. तिसऱ्याला कवळी सुटली. ती पत्तीवर आपटली आणि क्लॅरिनेटमधून एक किंकाळी निघाली, अणकुचीदार, कुठल्याच पडद्यावर न बसणारी. आणि मग काहीच नाही. मामांचं तोंड मिटलेलं होतं, गाल विचित्र फुगलेला.

मी झेललं.

ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. बोटांना सवय होती की मास्तरनंतर आपण. ती किंकाळी जशीच्या तशी वाजवणं शक्य नव्हतं. मी तिच्या जवळचा सूर घेतला, तो मुद्दाम फाटू दिला आणि तिथून ओढत खाली आणला. महेबूबचाचांनी एक क्षण माझ्याकडं बघितलं आणि ट्रम्पेट तोंडाला लावून तेच परत वाजवलं. सुंदररावांनी बरोबर त्या फाटक्या सुरावर ढोल मारला. आमच्यात म्हणतात, एकट्यानं केली तर चूक, सगळ्यांनी केली तर चाल. गर्दीतल्या बायका मोठ्याने रडू लागल्या. आमच्या सुरामुळे की ताईंकडं बघून, हे मला सांगता येणार नाही.

मामा आडतीच्या खांबाकडं तोंड करून उभे राहिले. वळले तेव्हा कवळी अंगरख्याच्या खिशात गेली होती आणि तोंड आत बसलं होतं. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. घरातही ते आमच्यासमोर पदराआड लपावं तसे हाताआड लपायचे. त्यांनी हनुवटीने मला खूण केली. पुढं हो.

मी मान हलवली. नाही.

विमान उचललं गेलं होतं. सुंदरराव तोच ठेका फिरवत होते. "कुणीतरी वाजवा बे," ते दातांतून म्हणाले. "ढोलावर मानूस समाधीला जात न्हाई."

मामांनी क्लॅरिनेट उचललं. दोन्ही ओठ आत दुमडले, हिरड्यांवर, आणि माउथपीस त्यांच्यात धरलं. अगदी तळाचा सा निघाला. थोडी हवा सुटणारा, पण स्थिर. त्यांनी तो सोडला नाही. श्वास संपला की घ्यायचे आणि पुन्हा तोच.

त्या सा वर कुणीतरी काहीतरी वाजवायलाच हवं होतं. मी पुढं झालो.

झेलायला समोर कुणी नसतं तेव्हा काय होतं, हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्या दोन ओळी मी मामांच्याच वाजवल्या, आठवून. मग त्या संपल्या. मी कुठंतरी गेलो, तिथं माझं काही नव्हतं, परत यायची वाट सापडेना. खालचा सा चालूच होता, म्हणून मी सरळ त्याच्यावर जाऊन बसलो आणि पुन्हा निघालो. असं बऱ्याच वेळा झालं. त्यातल्या एका फेरीत एक छोटीशी ओळ आली, कुठून ते माहीत नाही, आणि महेबूबचाचांनी ती झेलली. माझं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं. तेवढ्यापुरतं अंगातलं सगळं शिणलेपण गेलं. मग लगेच पुढची ओळ शोधायची होती, आणि ते परत आलं.

मळ्यात समाधी दिल्यावर आम्ही बांधावर बसलो. कुणीतरी चहा आणून दिला. मामा कवळी न लावताच चहा प्यायले. भजनी मंडळींपैकी एक म्हातारे गृहस्थ मुद्दाम जवळ आले. "मास्तर, आडतीपाशी ते जे वर नेलं न्हवं, काळजात गेलं बघा," ते म्हणाले. मामांनी हात जोडले.

ते गेल्यावर सुंदरराव म्हणाले, "मास्तर, तुमचे दात काळजात गेले म्हणं."

सगळे हसले. मामाही हसले, उघड्या हिरड्यांनी. मग हसणं ओसरलं.

"त्यांना कळलं न्हाई," मी म्हणालो. "कुणालाच कळलं न्हाई, मामा."

"तुला कळलं. ह्यायला कळलं." त्यांनी दोघांकडं मान वळवली. "आज तू झेललंस. वरातीत डीजे समोर उभा ऱ्हायल्यावर कोण झेलंल? अन् रोज कावून झेलावं कुणी? झेलायचं ते वाजवलेलं, पडलेलं न्हाई."

"दुसरी बनवून घेऊ. घट्ट बसणारी. आता हाडात स्क्रू बसवून पण..."

"रामा," ते म्हणाले. तेवढंच.

चहाच्या ग्लासात माशी पडली होती, ती काढत बसलो.

"दुसऱ्या क्लॅरिनेटनं तळाचा सूर धरला तरी चालतंय," थोड्या वेळाने ते म्हणाले. दातांविना शब्द पसरट येत होते. "तेवढं जमतंय. येतो मी बँडमदी. पर पुढं तू."

"मला फिरता येत न्हाई तुमच्यासारखं. आज चार वेळा हरवलो."

"आठ वेळा," महेबूबचाचा म्हणाले.

"मला पुढं उभं ऱ्हायचं न्हाई, मामा. खरंच. मला झेलायलाच बरं वाटतं."

"मला बी बरं वाटायचं पुढं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. फक्त दमले होते.

त्यानंतरचं पहिलं लग्न मांजरसुंब्याजवळ होतं, हायवेला लागून असलेल्या एका मंगल कार्यालयात. ट्रकांच्या आवाजात आम्ही गणवेशाची बटणं लावली. मामांनी न सांगता डावीकडची दुसऱ्या क्लॅरिनेटची जागा धरली, जिथं आजवर मी उभा राहायचो. नवरदेवाचा चुलता आला, आमच्या ओळीकडं बघून गोंधळला आणि विचारू लागला, "मास्तर कोण हाय ह्यात?"

मामा पत्ती जिभेने ओली करत खाली बघत होते. सुंदररावांनी ढोलाचा पट्टा खांद्यावर चढवला, टिपरू उचललं आणि ते माझ्याकडं बघत थांबले.